पळपुट्यांची भिंत

३ फेब्रुवारी

झालं! निवड झाली! फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ओल्या हातांनी फोन खांद्यात धरला आणि नुसती "हो, हो, हो" म्हणत राहिले. शेवटी पलीकडची म्हणाली, "ताई, ऐकताय ना?" ऐकतेय की! दोन वर्षं दुसरं काय करतेय? लोकांचे 'नाही'च तर ऐकतेय.

टीव्हीवरचा तो कार्यक्रम. तीन श्रीमंत माणसं खुर्च्यांवर बसतात, आपण उभं राहून त्यांना आपला धंदा पटवायचा. पटला तर पैसे घालतात. नाही पटला तर सगळ्या देशासमोर शोभा!

दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आमच्या 'सांगून जा'चं डोकं त्याचं, तोंड माझं. ऐकून हसलाच नाही. म्हणाला, "बरं झालं. पण खरं सांगू? मला नोकरी आलीय. इथून काही निघालं तर थांबतो, नाहीतर महिनाअखेरीला मी चाललो." आणि तो गेला की 'सांगून जा' बंद. मला साधा पासवर्ड बदलता येत नाही. आनंदाच्या बातमीला अर्धा तासही झाला नव्हता!

५ फेब्रुवारी

दीड मिनिटात धंदा सांगायचा म्हणे. फ्रिजसमोर उभी राहून बोलून बघितलं.

"नमस्कार! आमचं अ‍ॅप 'सांगून जा'. इथे माणसं ओळखी करतात, बोलतात, भेटतात. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर खुशाल जा, पण सांगून जा! कारणांची यादी आहे — मन लागत नाही, दुसरं कुणी भेटलं, घरी चालणार नाही, इतक्यात नको. एक बटण दाबा आणि मोकळे व्हा. मात्र दहा दिवस गप्प बसलात, तर तुमच्या फोटोवर लाल शिक्का — पळपुटा! बाई असेल तर पळपुटी!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिक्के मारायला ती काय गुरं आहेत का गं?"

संपलं! प्रेक्षक एक, तोही फितूर.

७ फेब्रुवारी

एक बाई हात धुऊन मागे लागलीय. मदतीच्या पानावर रोज तेच — "माझ्या भावाच्या फोटोवरचा शिक्का काढा." मी लिहिलं, "नियमाप्रमाणे त्यांनी स्वतः खात्यात येऊन कारण निवडावं." परत तेच! आता भावाची वकिली बहिणीने करायची? पळताना बरा एकटा पळाला!

तिचं नाव ठेवलंय शिक्काबाई.

१० फेब्रुवारी

कार्यक्रमवाल्यांच्या ऑफिसात सराव होता. एक मुलगी आहे तिथे, सतत छातीशी क्लिपबोर्ड धरलेली. मी दीड मिनिटाचं भाषण घडाघडा म्हटलं. ती जांभई दाबत म्हणाली, "छान. पण ताई, तुमची गोष्ट काय?"

"हीच गोष्ट. अ‍ॅप."

"नाही हो, तुमची. दुखणारी. त्याशिवाय लोक चॅनल बदलतात."

डोक्यात गेली माझ्या! पण मग सांगितलं. आधी थोडं, मग सगळंच. की वर्षभर एका माणसाशी बोलत होते. ऑनलाइनच ओळख, मग भेटी. नकाशे काढायच्या ऑफिसात होता. बोलायचा कमी, पण मी बोललेलं सगळं लक्षात ठेवायचा. एका रविवारी आईला भेटायला येणार होता. आईने नवा पडदा लावला. मी चहा तीनदा गरम केला. आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. नंतर मीच त्याचा नंबर पुसून टाकला. त्याला आता पाच वर्षं होतील. भांडून गेला असता तरी चाललं असतं, निदान काय चुकलं ते कळलं असतं!

क्लिपबोर्डवालीचे डोळे असे चमकले की विचारू नका. "हेच! ताई, हेच! आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून त्याला दोन शब्द सुनवायचे. खमंग!"

घरी येताना वाटलं, काहीतरी उघड्यावर टाकून आले. पण दादा म्हणाला, "पैसे मिळणार असतील तर सांग. त्या गाढवाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे."

११ फेब्रुवारी

आईला सांगितलं की टीव्हीवर त्या रविवारचं सांगणार आहे. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला तेव्हा वाटलेलं, काही झालं असेल त्याला."

"अशांना काही होत नसतं गं आई! आपण झुरतो, ते मजेत असतात."

"बघ बाई," म्हणाली आणि पडद्याची कडी सरळ करत बसली. अजून तोच पडदा आहे.

१३ फेब्रुवारी

शिक्काबाईने फोन नंबर कुठून मिळवला देव जाणे. मी शूटिंगच्या कपड्यांना इस्त्री करत होते (क्लिपबोर्डवालीचा हुकूम — लालच घाला, शिक्क्याला शोभेल!) आणि ही फोनवर हळूहळू, थांबत थांबत. "ते माझ्या भावाचं…"

"मॅडम, त्यांनाच बोलू द्या ना माझ्याशी. दोन मिनिटांचं काम आहे."

"तो नाही बोलू शकत."

"का? मुका आहे?"

ठेवला तिने फोन. बरं झालं. दादाला सांगितलं तर हसून हसून लोटपोट. इस्त्रीचा डाग पडला बाहीवर, तो वेगळाच ताप.

१७ फेब्रुवारी

आज शूटिंग. अंग नुसतं मोडून आलंय, पण लिहिते.

सकाळी सातला बोलावलं आणि उभं केलं संध्याकाळी! तोवर प्लास्टिकच्या खुर्चीत, थंडगार हॉलमध्ये, तोंडाला रंग थापून. शेजारी एक गृहस्थ, पाण्याची टाकी आपोआप धुणारं यंत्र घेऊन आलेले. यंत्राने त्यांच्याच बुटांवर पाणी सोडलं. मी हसले नाही. माझी पाळी यायची होती ना!

तिघं समोर. एक हॉटेलवाले, एक औषधकंपनीवाल्या बाई, एक गादीवाले. त्यांच्या गाद्यांवर म्हणे अर्धा देश झोपतो. दादा मागे लॅपटॉप धरून पुतळ्यासारखा.

हॉटेलवाले म्हणाले, "लोक जोडायला येतात आणि तुम्ही तोडायची सोय करून देताय. मी बाहेर." भाषण अर्धंही झालं नव्हतं!

औषधवाल्या बाईंनी विचारलं, लग्नं किती जमली. मी आकडा सांगितला. त्या इतक्या दयेने हसल्या की त्यापेक्षा शिवी परवडली असती. त्याही बाहेर.

मग मी गोष्ट सांगितली. पडदा, चहा, सगळं. आणि कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "कुठे लपलायस रे शूरवीरा? बाहेर ये की! चहा अजून गॅसवर आहे, आता चौथ्यांदा गरम करते!" हॉलभर हशा फुटला. टाळ्या! क्लिपबोर्डवाली तर उड्याच मारत होती.

गादीवाले पुढे झुकले. "तो शिक्का दाखवा परत. मॅडम, तुम्हाला कळतंय का, तुमचं अ‍ॅप कुणाला नकोय. लोकांना शिक्का हवाय! सगळ्या पळपुट्यांचे फोटो एका पानावर लावा. उघडं पान, कुणीही येऊन बघावं. पळपुट्यांची भिंत! मी पैसे घालतो. पण भिंत पाहिजे."

मी दादाकडे बघितलं. दादा नुसता मान हलवत होता — हो म्हण, हो म्हण! म्हटलं. हात मिळवला. रंगीत कागद उडाले, वाजंत्री वाजली. परतताना गाडीत दादा गात होता. त्याला गाताना मी शेवटचं कधी ऐकलं तेही आठवत नाही.

आनंद झालाय का मला? झालाय. झालाच पाहिजे.

२० फेब्रुवारी

गादीवाल्यांचा माणूस दिवसभर डोकं खातोय. कार्यक्रम दोन तारखेच्या रविवारी दिसणार, त्याआधी भिंत उभी पाहिजे. सह्या त्यानंतर. फोटो मोठे हवेत. शिक्का तिरका हवा. शिक्का आडवा हवा. नाही, तिरकाच बरा! हात टेकले मी.

सगळ्यात वर कोण? ज्यांचं मौन सगळ्यात जुनं, ते. पहिला आला शिक्काबाईचा भाऊ. चांगला हसरा चेहरा, खांद्यावर मांजर. मांजर घेऊन फोटो काढणारे सगळे सारखेच, म्हटलं, आणि लावला.

२४ फेब्रुवारी

शिक्काबाई आज ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरची आमची एक खोली, दोन टेबलं, वाफेचा वास. मी दार उघडलं. माझ्याच वयाची, साधीशी, जिना चढून धाप लागलेली. दादाने पाणी दिलं. मी मनात तयारीच करत होते, आता भांडेल, आता भांडेल.

ती म्हणाली, "माझा भाऊ वारला हो. मागच्या वर्षी. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेला, साधं ऑपरेशन होतं. परत आलाच नाही."

दादाने तिच्यासमोर खुर्ची सरकवली.

मग तीच बोलत राहिली. त्याचा फोन यांना उघडता येत नव्हता. नाहीतर म्हणे मीच त्याच्या नावाने तुमचं ते बटण दाबलं असतं. पण कुठलं दाबलं असतं? यादीत तसं कारणच नव्हतं. तो एका मुलीशी बोलायचा, एवढंच घरी ठाऊक. नाव नाही, नंबर नाही. तिला कळवायचं होतं फक्त. म्हणून बहिणीने स्वतः खातं काढलं, त्याला शोधलं, तर त्याच्या तोंडावर शिक्का. आणि काल कुणीतरी तिला त्या भिंतीचा फोटो पाठवला.

"आधी का नाही सांगितलंत?" दादाने विचारलं.

ती म्हणाली, "लिहायला बसले की हात चालेना. आणि फोनवर सांगणारच होते…" माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

मुका आहे? असं विचारलं होतं मी. मुका आहे?

पाया पडावं तिच्या, की तोंड लपवावं, काही सुचेना. "ताई," एवढंच म्हटलं. तीच उलट म्हणाली, "असू द्या. तुम्हाला काय माहीत!" हे तर फारच लागलं.

दादाने तिच्यासमोरच फोटो उतरवला.

२५ फेब्रुवारी

त्या मुलीचा नंबर आमच्या नोंदींत होता, तिला मी फोन केला. दादा म्हणाला, मी करतो. म्हटलं, नाही. तिला "तुमचा जोडीदार पळाला! नवा शोधा!" असं आमच्याच अ‍ॅपने कळवलं होतं. हसऱ्या चेहऱ्यासकट. ते वाक्य माझं. मीच लिहिलेलं, आणि काय खूश झाले होते तेव्हा!

शाळेत शिकवते ती. मागे पोरांचा गलका होता. सांगितलं. ती बाहेर व्हरांड्यात आली असावी, गलका कमी झाला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो पळाला नव्हता?"

आणि तिच्या आवाजात, कसं लिहू हे, एक क्षणभर आनंद होता! खराखुरा. मग आपल्याला कशाचा आनंद झाला हे तिचं तिलाच कळलं आणि ती रडायला लागली. "मी वर्षभर त्याला शिव्या देत होते हो," म्हणाली. मी शिक्काबाईचा नंबर दिला. दोघी बोलतील.

मी लाँड्रीच्या जिन्यात बसून राहिले. लोक कपडे घेऊन जात-येत होते, मी पाय आखडून वाट देत होते.

२६ फेब्रुवारी

गादीवाल्यांशी बोलले. भिंत काढायची म्हटलं. शिक्काही काढायचा. माणसं गप्प का बसतात ते आपल्याला इथे बसून कळत नाही. आजारी असतील, अडकली असतील, मेली असतील.

"अहो मॅडम, हजारात एक मेला म्हणून दुकान बंद करायचं का? त्याचा फोटो काढा, बाकीचे ठेवा."

"बाकीच्यांचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे?"

"मला काय करायचंय माहीत करून? शिक्का नाही तर मी नाही. विचार करून सांगा, संध्याकाळपर्यंत."

दादा समोर बसला होता. म्हटलं, तू सांग. तो एकदम भडकला. "मी काय सांगू! हो म्हटलं तर मी हलकट, नाही म्हटलं तर दोन वर्षं पाण्यात! तुझं डोकं ना, नेहमी सगळं जमत आलं की फिरतं!" दार आपटून गेला. खरंच आहे त्याचं. माझ्या एकटीच्या हट्टापायी त्याने जवानी घातली या खोलीत.

संध्याकाळी मी फोन करून नाही म्हटलं. गादीवाले म्हणाले, "तुमची मर्जी," आणि ठेवला. दोन वर्षं वाट बघितलेली गोष्ट, संपायला एवढासा वेळ लागला.

दादा नंतर आला, तोवर झालं होतं. लॅपटॉप उघडला आणि भिंत काढली. मग एकेकाचा शिक्का काढत बसला. एका बटणात निघाले असते सगळे, पण एकेकच काढत होता. मी चहा आणला, तो घेतला त्याने.

२७ फेब्रुवारी

आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. काही झालं असेल त्याला.

पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नाही कुणाला. एकदाही! त्याचं घर नेमकं माहीत नव्हतं, बरं. पण ऑफिस माहीत होतं ना? दोन बस बदलून जाता आलं असतं. गेले नाही. म्हणे स्वाभिमान! तोंडावर कुणी "त्याला तुम्ही नको आहात" म्हणेल याची भीती, दुसरं काय? आणि आता देशासमोर म्हणून आले, कुठे लपलायस रे शूरवीरा.

गाडीखाली गेला असेल कुठेतरी, एखाद्या वळणावर, त्याच रविवारी, आमच्याकडे येताना. आणि मी चहा गरम करत होते.

जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी

नकाशांच्या ऑफिसात फोन लावला. सकाळभर एंगेज! मग जेवणाची सुट्टी. मग एकदाचा उचलला. एका म्हातारशा आवाजाने नाव दोनदा विचारून घेतलं.

"ते? ते नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे… थांबा हं, दुसरा फोन वाजतोय."

थांबले. कट झाला! पुन्हा लावला, वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. ऑफिस सुटलं! आणि उद्या शनिवार, परवा रविवार. फोन भिंतीवर फेकणार होते मी. नाहीत म्हणजे काय? असं अर्धं वाक्य टाकून कुणी उठतं का?

१ मार्च

दादाने त्या नोकरीला होकार कळवला. मी सामान बांधायला मदत केली. 'सांगून जा' चाळीस दिवसांत बंद करू, म्हणाला, सगळ्यांना आधी सांगून. नाव तरी खरं होऊ दे.

२ मार्च

दिसला कार्यक्रम. शेजारचे सगळे आमच्याकडे जमले होते, खुर्च्या घेऊन. मी लाल कपड्यांत, तोंडाला रंग, हात हलवतेय. "चहा अजून गॅसवर आहे!" आणि हशा. टीव्हीतला वेगळा, खोलीतला वेगळा. हस्तांदोलन, कागद, वाजंत्री. लोक म्हणाले, नशीब काढलंस पोरी! कुणाला काय सांगू, की तो व्यवहार मोडलाय, आणि ज्याच्यावर तुम्ही हसताय तो आहे की नाही हेच मला माहीत नाही?

मी आईकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. पडद्याकडे बघत होती. सगळे गेल्यावर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. देवा, तो असू दे. कुठेही, कुणाबरोबरही, पण असू दे.

३ मार्च

ऑफिसवाल्या म्हातारबुवांनी नंबर दिला. नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेलेत म्हणे, बरीच वर्षं झाली. लावला. त्याचाच आवाज! मागे एक लहान मूल किंचाळत होतं आणि एक बाई त्याला म्हणत होती, "अहो, याला धरा ना आधी!" "कोण हवंय?" असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही. चुकून लागला." आणि ओरडतच स्वयंपाकघरात धावले — आई, जिवंत आहे नालायक! ठणठणीत आहे! तो पळालाच होता गं, नुसता पळालाच होता!